विजेच्या गाडीला डिझेलच्या सवयी चालत नाहीत

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

मी माण तालुक्यातून बोलतेय, मोगराळे घाटाच्या वरच्या अंगाच्या एका गावातून. आमचा अकरा जणींचा बचत गट आहे. शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला आणि उडदाचे पापड करतो आणि फलटण, दहिवडी, साताऱ्याला पोचवतो. आधी भाड्याच्या पिकअपनं माल जायचा. दोन वर्षांपूर्वी बँकेचं कर्ज काढून गटानं विजेवरची छोटी कार घेतली. कंपनीचं नाव रेडिओवर घ्यायचं नाही, असं मला आधीच बजावलंय. गाडीची बॅटरी २४ युनिटची आहे. म्हणजे आपल्या लाइट बिलावर जे युनिट येतात, तसे २४ युनिट तिच्या पोटात मावतात. ती गाडी मी चालवते.

मला गाडी शिकवली माझ्या धाकट्या दिरानं. त्यानं वीस वर्षं डिझेलची जीप चालवली आहे, माणसंही वाहिली आणि मालही. हात एकदम साफ. पण त्यानं शिकवलेल्या निम्म्या गोष्टी मला नंतर विसराव्या लागल्या. त्याची चूक नाही. डिझेलच्या गाडीला जे बरोबर, ते या गाडीला बरोबर असतंच असं नाही, हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही. आज तेच सांगणार आहे. गटांतून आता बऱ्याच जणी विजेची कार, नाहीतर रिक्षा घ्यायचं म्हणतायत, तर आमच्या चुका तुम्ही परत करू नका.

पहिली चूक घाटात झाली. गाडी येऊन आठ दिवस झाले होते. रात्रभर चार्जिंगला लावली, सकाळी काटा शंभरावर. माल भरला, दोघी जणी मागं बसल्या आणि फलटणला निघालो. आमचं गाव घाटाला लागूनच, त्यामुळं पाच-सात मिनिटांत उतार सुरू. शिकवणाऱ्या मुलानं शोरूममध्ये सांगितलं होतं की पाय उचलला की गाडी आपोआप धरते, ब्रेक फार लागत नाही. सपाटीवर मला त्याची सवयही झाली होती. वळण आलं, मी पाय उचलला आणि गाडी धरेना! नुसती घरंगळत निघाली. ब्रेक होता, ब्रेकनंच सावरली, पण तेवढ्यात पोटात गोळा आला. मागून एकीनं माझा खांदा असा धरला की चार दिवस दुखत होता.

झालं काय होतं, ते समजून घ्या. ज्यांनी जुनी सायकल चालवली आहे त्यांना डायनॅमो आठवत असेल. तो चाकाला टेकवला की दिवा लागायचा, पण पायडल जड जायचं. विजेच्या गाडीची मोटर उतारावर हेच काम करते. तुम्ही पाय उचलला की चाकं मोटरला फिरवतात, मोटर वीज तयार करते, ती बॅटरीत जाते आणि वीज करायला जोर लागतो म्हणून गाडी धरल्यासारखी होते. याला रीजेन म्हणतात. पण वीज जाणार कुठं? बॅटरीत. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर त्या रांजणात आणखी पाणी ओतता येत नाही. मग गाडी रीजेन कमी करते किंवा बंदच करते. त्या दिवशी माझी बॅटरी भरलेली, घाट लगेच, म्हणून गाडीनं धरलं नाही. तिचं काहीच बिघडलं नव्हतं.

तेव्हापासून फलटणला जायच्या आदल्या रात्री आम्ही ८०-८५ टक्क्यांवरच चार्जिंग थांबवतो. तुमचं गाव घाटाच्या खाली असेल आणि सुरुवात चढानं होत असेल तर ही अडचण नाही. पण महाबळेश्वर-पाचगणीकडच्या, कोल्हापूरच्या घाटमाथ्यावरच्या, नाशिककडच्या बायांनी हे लक्षात ठेवा. आणि रीजेन कितीही चांगलं असलं तरी उजवा पाय ब्रेकच्या जवळ हवा. रीजेन ही मदत आहे, ब्रेक नव्हे.

आता दिराची सगळ्यात लाडकी सवय. घाट लागला की जीप न्यूट्रलवर टाकायची, डिझेल वाचतं म्हणायचं. खरं सांगायचं तर ते डिझेलच्या गाडीतही धोक्याचंच आहे, ब्रेक तापून निकामी होतात. विजेच्या गाडीत तर धोकाही आहे आणि तोटाही. न्यूट्रलवर टाकली की रीजेन बंद, म्हणजे फुकट मिळणारी वीज तुम्ही वाऱ्यावर सोडली आणि सगळा भार ब्रेकवर टाकला. थोडा हिशेब करू. माणसं आणि मालासकट गाडी दीड हजार किलोची धरा. ती १०० मीटर उंच चढवायला साधारण ०.४ युनिट वीज लागते, मोटरमधली घट धरून अर्धा युनिट म्हणा. उतरताना रीजेननं त्यातला निम्म्याच्या आसपासचा भाग परत मिळतो. सगळा मिळत नाही. घाट उतरताना बॅटरी भरते म्हणून चढाची काळजीच नको, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. पण निम्मं परत येतं हेही काही थोडं नाही, आपल्या उसनवारीत तेवढं तरी कुठं येतं!

आमच्या गाडीत रीजेनच्या तीन पायऱ्या आहेत. घाटात मी सगळ्यात वरची लावते, सपाट रस्त्यावर मधली. सगळ्या गाड्यांत बटण वेगवेगळ्या ठिकाणी असतं, ते आधी मोकळ्या मैदानात वापरून बघा. घाटात शोधत बसू नका.

दुसरी सवय पायाची. डिझेलची गाडी चढावर उचलायला जोरात रेस द्यावी लागते, नाहीतर ती मागं येते किंवा बंद पडते. विजेच्या मोटरला पूर्ण ओढ पहिल्या फेरीपासूनच असते. तिला रेस लागत नाही. तुम्ही पाय दाबून झटका दिलात तर गाडी पळते, मजाही वाटते, गावातली पोरं तर तेवढ्यासाठीच किल्ली मागतात. पण तो झटका जातो कुठं? मोटरकडून गिअरच्या दातांवर, तिथून अ‍ॅक्सलच्या सांध्यांवर, तिथून टायरवर. आमचे पुढचे टायर पहिल्या वर्षातच मागच्यांपेक्षा बरेच जास्त झिजले, कारण ओढायचं काम पुढच्या चाकांचं. खडीवर, चिखलात तर झटका दिला की चाक जागेवर फिरतं आणि मग अचानक पकड मिळाली की तो हिसका सगळ्या सांध्यांना बसतो. म्हणून पाय असा ठेवा की मागच्या सीटवर दुधाची किटली आहे आणि तिला झाकण नाही.

चढावर थांबायची वेळ आली, पुढं गुरं आडवी आली, ऊस भरलेला ट्रॅक्टर आला, तर गाडी पायाच्या दाबावर धरून ठेवू नका. डिझेलवाले क्लचवर धरतात तसं. यात मोटर फिरत नाही पण वीज मात्र वाहत राहते आणि ती एकाच जागी तापते. ब्रेक दाबा, जास्त वेळ असेल तर हँडब्रेक ओढा. ज्या गाड्यांत पार्किंगचा पी असतो त्यांनी उतारावर आधी हँडब्रेक लावावा आणि मग पी. उलटं केलंत तर सगळ्या गाडीचं ओझं आतल्या एका छोट्या खिट्टीवर बसतं. आणि मागून पुढं घेताना गाडी पूर्ण थांबू द्या. चालत्या गाडीत आर वरून डी वर जाऊ नका.

तिसरी गोष्ट वेगाची, आणि इथं आमची फजिती झाली. पहिल्याच महिन्यात साताऱ्याला प्रदर्शनाला गेलो होतो. पाच जणी, माल, एसी चालू आणि रस्ता मोकळा मिळाला की ताशी नव्वद. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर. नेहमी युनिटला सात-आठ किलोमीटर मिळतात, म्हणून सकाळी बॅटरी नव्वद टक्के असूनही आम्ही निघालो. परत येताना पुसेगावच्या पुढं गाडी हळू झाली, मग थांबली. संध्याकाळचे सात वाजलेले, पाच बाया रस्त्यावर.

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. म्हणजे साठवरून नव्वदवर गेलात तर वेग दीडपट होतो, पण हवा सव्वादोन पट जोरानं मागं ढकलते. पेट्रोलच्या गाडीत हे होतंच, पण पंप दर काही किलोमीटरवर असतो म्हणून आपल्याला कळत नाही. एसी उन्हाळ्यात तासाला साधारण एक युनिट खातो, तो हळू चालवलं तरी जास्त वेळ चालतो हे खरं, पण वेगाएवढा खर्च तो करत नाही. आता आम्ही लांब जाताना साठ-पासष्टच्या वर जात नाही आणि वीस टक्के उरले की पुढचं काही ठरवत नाही, आधी चार्जिंग.

त्या संध्याकाळी फोन लावला तो दिरालाच. तो अर्ध्या तासात ट्रॅक्टर आणि सोल घेऊन हजर. सोल बांधणार, गाडी ओढत गावापर्यंत नेणार. आपल्याकडं गाडी बंद पडली की हेच करतात. नशीब असं की आमच्यातल्या एकीनं गाडीचं पुस्तक उघडलं होतं, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. त्यात चित्र होतं, चाकं जमिनीवर ठेवून ओढण्यावर फुली मारलेली. विजेच्या गाडीत क्लच नसतो, मोटर चाकांना कायम जोडलेली असते. चाक फिरलं की मोटर फिरते आणि वीज तयार करायला लागते, मग गाडी बंद असो की चालू. ती वीज आणि उष्णता आतल्या महागड्या भागांचं नुकसान करते. गाडीला चार माणसांनी ढकलून कडेला घेणं वेगळं, दहा-वीस किलोमीटर ओढणं वेगळं. न्यायचीच तर ट्रकवर चढवून न्यायची, निदान ज्या चाकांना मोटर आहे ती उचलून.

दीर खूप चिडला. चार-पाच गावकऱ्यांसमोर वहिनी ट्रॅक्टर परत पाठवते म्हणजे काय! मी म्हटलं, गाडी माझी एकटीची नाही, अकरा जणींच्या हप्त्याची आहे. शेवटी कंपनीच्या मदत नंबरवर फोन केला, रात्री साडेदहाला ट्रक आला. तो नंबर आता गाडीच्या काचेवर चिकटवलाय आणि प्रत्येकीच्या फोनमध्ये आहे.

आता गाडीच्या आत काय आहे ते बघू. लोक सांगतात, विजेच्या गाडीला काही लागतच नाही. इंजिन ऑइल नाही, फिल्टर नाही, प्लग नाही, क्लच प्लेट नाही, हे सगळं खरं. पण 'कमी लागतं' आणि 'काहीच लागत नाही' यात फरक आहे. मोटरला लागून एक छोटा गिअरबॉक्स असतो. मोटर फार जोरात फिरते, चाक हळू फिरायला हवं, म्हणून मोटरच्या साधारण आठ-दहा फेऱ्यांना चाकाची एक फेरी असा तो बदल करतो. त्यात तेल असतं. ते पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरला बदलायचं आणि मधे गाडी जिथं उभी असते तिथं जमिनीवर डाग दिसतो का ते बघायचं. मी रोज सकाळी गाडी काढल्यावर मागं वळून जमीन बघते. सडा घातलेल्या अंगणात डाग लगेच कळतो.

गिअरबॉक्समधून दोन दांडे निघून चाकांपर्यंत जातात, त्यांच्या टोकाच्या सांध्यांवर रबरी बूट असतात, घडीघडीचे. आत ग्रीस असतं. आपल्या रस्त्यांवर उडालेला दगड, काटेरी फांदी, तोडलेल्या उसाचे बुडखे यांनी ते फाटतात. रबर फाटलं की ग्रीस बाहेर, माती आत आणि सांधा खलास. नुसता बूट स्वस्तात बदलतो, सांधा नाही. महिन्यातून एकदा चाक पूर्ण वळवून वाकून बघा, ग्रीस उडालेलं दिसतं का.

विजेच्या गाडीचा एक मोठा फायदा म्हणजे ती गप्प असते, त्यामुळं दुखणं ऐकू येतं. चाक पूर्ण वळवून हळू गाडी फिरवताना कटकट असा आवाज आला तर तो बहुतेक त्या सांध्याचा. वेगाबरोबर वाढत जाणारी घूंऽऽ आली तर बेअरिंग किंवा टायर. अचानक पाय सोडल्यावर आणि परत दाबल्यावर ठक्क झालं तर मोटरची बुशं दाखवा. आठवड्यातून एकदा रेडिओ बंद ठेवून, काचा खाली करून गाडी चालवा. (हो, आपला रेडिओसुद्धा.)

आता पाण्याची गोष्ट. बऱ्याच विजेच्या गाड्यांत मोटर आणि बॅटरी थंड ठेवायला कूलंट फिरतं. बॉनेट उघडल्यावर त्याची पांढरट बाटली दिसते, आत रंगीत पाणी. उन्हाळ्यात दिरानं बॉनेट उघडलं, पातळी थोडी खाली दिसली आणि प्रेमानं अर्धा लिटर बोअरचं पाणी ओतलं. जीपच्या रेडिएटरला तो वीस वर्षं हेच करत आलाय. आमच्या बोअरचं पाणी किती जड आहे ते पातेल्याच्या तळाला बसणाऱ्या पांढऱ्या थरावरून समजा. तो थर त्या बारीक नळ्यांत बसला की उष्णता बाहेर जाणार नाही, शिवाय गंज धरणार. सर्व्हिसवाल्यांनी सगळं कूलंट काढून, धुऊन नवीन भरलं. तो खर्च त्या महिन्याच्या नफ्यातून गेला आणि बैठकीत मला चार शब्द ऐकावे लागले. कूलंट कमी झालं तर कंपनीनं सांगितलेलंच घाला, आणि का कमी झालं ते विचारा. ते आपोआप संपत नाही. बॉनेटखाली नारिंगी रंगाच्या जाड वायरी दिसतील, त्यांना हात लावायचा नाही, त्यांच्यावर गाडी धुण्याचा जोराचा फवारा मारायचा नाही. घरच्या वायरमनलाही लावू देऊ नका, त्यात शेकडो व्होल्ट असतात.

ओढ्याचंही सांगते. बऱ्याच कंपन्यांच्या बॅटरीवर आयपी ६७ असं लिहिलेलं असतं. म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवून ती तपासलेली असते, स्थिर पाण्यात. पूर आलेल्या ओढ्यात गाडी घालायचा तो परवाना नाही. आणि बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते, तिला मोठा दगड लागला तर गाडी चालू आहे म्हणून गप्प बसू नका, खालून बघून घ्या.

ब्रेकचं मात्र उलटं आहे. रीजेनमुळं ते इतके कमी वापरले जातात की पावसाळ्यात त्यांच्या चकत्या गंजतात. मागं वाहन नाही असं बघून आठवड्यातून दोन-चार वेळा ब्रेक जरा दाबून वापरा, गंज घासून जातो. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं, ते साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं, पॅड नवे दिसत असले तरी.

चार्जिंगवर वेगळं भाषण व्हायला हवं, थोडकंच सांगते. घरच्या १५ अँपियरच्या प्लगवर आमची बॅटरी भरायला आठ-नऊ तास लागतात. सुरुवातीला गाडी चार्जच घेत नव्हती. गाडी खराब आहे म्हणून आम्ही तक्रार केली, आणि निघालं काय, तर घराला अर्थिंगच धड नव्हतं. खड्डा खणून, कोळसा-मीठ घालून नवीन अर्थिंग केलं, त्यावर उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओततो. एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका, तो वितळतो. बॅटरी कोणत्या जातीची आहे ते विचारून घ्या. एलएफपी असेल तर अधूनमधून सावकाश शंभर टक्के भरायला कंपन्या सांगतात, म्हणजे काटा खरा दाखवतो. दुसऱ्या जातीची असेल तर रोज ऐंशीपर्यंतच बरी. कुठलीही असो, पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून उन्हात दिवसेंदिवस उभी करू नका. आमची लिंबाखाली असते. लांबून तापून आली की अर्धा-पाऊण तास थांबून मग प्लग लावतो.

आणि ती छोटी बारा व्होल्टची बॅटरी विसरू नका. मोठी बॅटरी भरलेली असली तरी ही बसली की गाडी उठतच नाही. आतले दिवे रात्रभर चालू राहिले की झालं.

बऱ्याच कंपन्या मोठ्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात. आमचं कर्ज त्याच्या आधी फिटतं, म्हणून ती टिकवणं आम्हाला परवडणारच. वेळेवर सर्व्हिस आणि पावत्या नसतील तर त्या वॉरंटीवर वाद होतात. गटाच्या वहीत आता शेवटची चार पानं गाडीची आहेत. तारीख, किलोमीटर, चार्ज किती टक्क्यांवर लावला, टायरची हवा, काय आवाज आला. टायर दहा हजार किलोमीटरला पुढचे मागं, मागचे पुढं.

गेल्या महिन्यात घाटात दुसऱ्या गावाची विजेची रिक्षा बंद पडली होती. पिकअपवाला सोल बांधायला लागला होता. आमचा दीर जीपमधून उतरला आणि त्याला म्हणाला, "अरे थांब, चाकं उचलल्याशिवाय ओढू नको." मला हे त्यानं नाही सांगितलं, रिक्षावालीनंच सांगितलं. पुढच्या भाषणात चार्जिंग आणि अर्थिंग. प्रश्न असतील तर पत्रानं कळवा.